पाहुण्यांना एका दिवसात पुणं दाखवायचं तर

माझी नणंद नागपूरला असते. पहिल्यांदा सगळी आली तेव्हा आम्ही हौसेनं गाडी ठरवली आणि लक्ष्मी रस्त्याच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्यातच निम्मा दिवस गेला. सासूबाई उन्हात गाडीतच बसून राहिल्या, ते मला फार लागलं. तेव्हापासून येईल त्याला मी पेठांमधून पायीच फिरवते. पोटात जागा ठेवून, थोडं थोडं खात.

सकाळी साडेआठला मंडईत पोचा. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ सालची, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून आधी वर बघा, मग भाजीकडे. तिथून तुळशीबागेत शिरा. दुकानं अजून उघडायची असतात, त्यामुळे राममंदिर शांतपणे बघता येतं. मग श्रीकृष्ण भुवनची मिसळ. जुन्या पुण्यात मिसळीबरोबर स्लाइस येतो आणि वरून लागणाऱ्या रश्श्याला ‘सॅम्पल’ म्हणतात. पाहुण्यांना हा शब्द आधीच सांगून ठेवा. पोरांसाठी दही मागवा. एका प्लेटवर थांबा, दिवस मोठा आहे.

बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा लागतो. त्याची लाकडी सज्जाची नक्षी रस्त्यावरूनच बघून पुढे चला. शनिवारवाड्यात मात्र घाई करू नका. १७३० साली पाया घातलेला वाडा १८२८च्या आगीत जळाला. उरली तटबंदी, दरवाजे आणि जोती. आत काय बघायचं असं मुलं विचारतात, म्हणून मी त्यांना दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांपाशी नेते. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले ते अणकुचीदार खिळे जवळून पाहिले की वाडा डोळ्यांपुढे उभा राहतो.

कसबा गणपती, म्हणजे पुण्याचं ग्रामदैवत, इथून जवळच. दर्शन घेतलं की तांबट आळी चुकवू नका. माझ्या मते दिवसातली ही सगळ्यात मोलाची जागा. गल्लीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. कारागीर तांब्याचं भांडं डाव्या हातानं इंचाइंचानं फिरवतो आणि उजव्या हातातली हातोडी एकाच लयीत पडत राहते. प्रत्येक ठोक्याचा चकचकीत ठिपका, ठिपक्याला लागून ठिपका. याला मठारकाम म्हणतात. त्यानं भांडं नुसतं सजत नाही, पत्रा घट्टही होतो. फोटो काढायचा तर विचारून काढा आणि जमलं तर एखादा तांब्या इथूनच घ्या.

आता पाय दुखायला लागतात. कसबा पेठ स्टेशनवरून मेट्रोनं एकच स्टेशन, मंडई. तिथून रिक्षानं टिळक रस्त्यावर बादशाहीत जेवा. घरगुती वरण-भात, दोन भाज्या, कोशिंबीर. बाराच्या सुमारास गेलात तर ताटकळावं लागत नाही.

दुपारच्या उन्हात राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं. शस्त्रं, मूर्ती आहेतच, पण सासूबाईंना मी अडकित्त्यांपाशी नेलं तेव्हा त्या कितीतरी वेळ तिथंच उभ्या होत्या. त्यांच्या आईच्या पानपुड्यात अगदी तसाच एक होता. कोथरूडहून आणून इथं पुन्हा उभारलेला मस्तानी महालही बघा.

चारला निंबाळकर तालीम चौकात सुजाताची मस्तानी. घट्ट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. उन्हाळा असेल तर आंब्याचीच घ्या. दोघांत एक पुरते.

शेवट पर्वतीवर. १०३ पायऱ्या, रुंद आणि सावकाश चढण्यासारख्या. गुडघे दुखत असतील त्यांना निम्म्यावर बसवा, तिथूनही शहर दिसतं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब पेशवे १७६१ साली इथंच गेले, हे सांगितलं की मोठी माणसं आपोआप गप्प होतात. वरून सकाळपासून चाललेल्या पेठा शोधायला लावा, पोरांना ते फार आवडतं. दिवे लागायच्या आत खाली उतरा आणि वयस्कर माणसांचा हात धरूनच उतरा.