मे महिन्याच्या उन्हात हरिकेन विमानाचं मॉडेल रंगवताना रंग खरखरीत होत होता, तो असा सुटला

आमच्या आर्वीकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, अन् अशात मी हॉकर हरिकेन ह्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं (म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान) मॉडेल रंगवायला घेतलं. १९४४ ला जपान्यांविरुद्धच्या इम्फाळच्या लढाईत भारतीय हवाई दलातल्या अर्जन सिंग यांची १ नंबर स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) हीच विमानं उडवत होती, म्हणून तेच पाहिजे होतं. वरून डार्क ग्रीन अन् डार्क अर्थ, खालून मीडियम सी ग्रे.

पण एअरब्रशमधून (हवेच्या दाबानं रंग फवारायचं यंत्र) निघालेला ॲक्रेलिक रंग पंखावर पोचायच्या आधीच हवेत सुकायचा, हात फिरवला की बारीक रवा लागल्यासारखं. आधी वाटलं रंगच जुना असेल, पण तोच रंग पहाटे मारला तर एकदम गुळगुळीत, म्हणजे भानगड उन्हाची होती भाऊ.

मग रंग दुधाएवढा पातळ केला, रंग हळू सुकवणाऱ्या रिटार्डरचे थेंब टाकले, हवेचं प्रेशर २५ वरून १५ पीएसआयवर आणलं अन् ब्रश जवळून चालवला. खरखरीत भाग २००० च्या पॉलिश पेपरनं पाणी लावून हलक्या हातानं घासला, मागच्या धडावर मात्र सांभाळून, खऱ्या विमानात तिथं कापड ताणलेलं असायचं, त्याच्या नाकाकडून शेपटीकडं जाणाऱ्या रेघा मॉडेलात असतात, त्या गेल्या तर मजाच गेली. कूलर बंदच ठेवा, गर्मीनं जीव जातो पण वाळ्याचा कचरा ओल्या रंगावर बसत नाही.

राउंडेल (विमानावरची गोल खूण) लावताना मधला लाल ठिपका नको बरं, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी घोळ नको म्हणून ह्या आघाडीवर तो काढून टाकला होता, फक्त गडद अन् फिकट निळा.