मोठी संख्या तपासताय? या चुका टाळा

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही २१ अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ साली ती मूळ संख्यांच्या यादीत घातली. ती मूळ नाही हे फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव हाती लागले नव्हते. ते अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मोठी संख्या मूळ आहे का हे तपासण्याच्या सरावाला याहून चांगली संख्या मला माहीत नाही, कारण नेहमीच्या बहुतेक चुका हिच्यावर उघड्या पडतात.

सगळ्यात घातक चूक गणित सुरू होण्याआधीच होते. ही संख्या एक्सेलच्या चौकटीत टाइप करा. एक्सेल पहिले १५ अंक ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं, म्हणजे शेवटी ९२७ असलेली विषम संख्या गुपचूप सम होते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत की उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक हरवतात. दोन रेघा द्या. वर्गमूळही पूर्णांकातच काढा.

हाताने उतरवलेली संख्या आधी पडताळा. अंकांची बेरीज १०९, म्हणून ९ ने भागल्यावर बाकी १. पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही बेरीज बदलतच नाही! त्यासाठी उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करा: १७ येतात, ११ ने भागून बाकी ६. दोन्ही बाक्या जुळल्या तरच पुढे जा.

‘पहिल्या हजार मूळ संख्यांनी भाग गेला नाही, म्हणजे मूळच असणार’ हा निष्कर्ष काढू नका. इथला सर्वांत लहान अवयवच १९ कोटींच्या पुढे आहे आणि भागून खात्री करायची तर वर्गमूळापर्यंत जावं लागतं, ते सुमारे १,२१५ कोटी. मात्र आंधळेपणाने भागत बसायचीही गरज नाही. ६७ मूळ असल्यामुळे या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो. एवढेच उमेदवार घेतले तर १४,४५,५८० व्या प्रयत्नाला अवयव सापडतो. मला हे फार सुंदर वाटतं.

फर्माची कसोटी अशी: संख्या मूळ असेल, तर तिच्याहून लहान कोणत्याही आधाराचा ‘संख्या वजा १’ वा घात तिने भागून बाकी १ उरते. ती फक्त २ हा आधार घेऊन लावलीत तर ही संख्या बिनधास्त उत्तीर्ण होते. २ आधाराची मिलर-राबिन कसोटी, म्हणजे फर्माच्या कसोटीची कडक आवृत्तीही तिला पकडत नाही, कारण संख्येची घडणच २ च्या घातातून झाली आहे. मिलर-राबिन २ ते ३७ या बाराही मूळ आधारांवर चालवा. २१ अंकांपर्यंत हे बारा आधार हमखास पुरतात.

अवयव मिळाले की लगेच ‘विभाजक चार’ (१, हे दोन अवयव आणि ती संख्या स्वतः) असं लिहून मोकळे होऊ नका. दुसरा, १२ अंकी अवयव स्वतः मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ ८,७२,८३३ च्या किंचित पुढे. तिथवर भागून पाहायला संगणकाला क्षणभर पुरतो. तो मूळच निघतो, आणि मग चार हे उत्तर पक्कं.