आर बारचा डायव्हर्जन्स काढताना या चुका टाळा

एम-थ्रीच्या (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या) वह्या तपासताना एक वाक्य दर वर्षी भेटतं: ‘आर कॅप कॉन्स्टंट आहे, म्हणून डायव्हर्जन्स शून्य.’ सदाशिव पेठेतल्या माझ्या क्लासच्या फळ्यावर सगळ्यात जास्त खडू यावरच झिजलाय. आर बार म्हणजे आरंभबिंदूपासून दिलेल्या बिंदूपर्यंतचा सदिश, आर ही त्याची लांबी आणि आर कॅप म्हणजे आर बार भागिले आर. आर कॅपची लांबी १, ती बदलत नाही, कबूल. पण दिशा? ती प्रत्येक बिंदूला वेगळी. समजा, विसर्जनाच्या रात्री अलका चौकातून माणसं चहूकडे सारख्याच वेगाने पांगली. वेग तोच, तरी चार पावलांवर गर्दी विरळ होते. हे विरळ होणंच डायव्हर्जन्स मोजतो. सपाट चौकात तो १ भागिले आर, त्रिमितीत २ भागिले आर.

म्हणूनच एफ (आरवर अवलंबून असलेलं फंक्शन) गुणिले आर कॅप या फील्डसाठी (प्रत्येक बिंदूला एक सदिश) नुसतं एफचं डेरिव्हेटिव्ह चालत नाही. त्रिमितीत आधी आर वर्गाने गुणा, मग डेरिव्हेटिव्ह घ्या, मग आर वर्गाने भागा. प्रतलात वर्गाऐवजी नुसता आर. प्रश्नात झेडचा पत्ता नसताना वर्गवालं सूत्र ठोकणारे प्रत्येक बॅचमध्ये निघतात. पाठांतर मात्र त्यांचं चोख असतं!

बार आणि कॅपची अदलाबदल हा पुढचा घोळ. आरचा एन घात गुणिले आर बार, याचं उत्तर (एन + ३) गुणिले आरचा एन घात. आता आर वर्ग गुणिले आर कॅप घ्या. मुलं एन = २ धरून ५ आर वर्ग लिहितात. पण आर कॅपमध्ये भागिले आर दडलेला आहे, म्हणजे एन = १, उत्तर ४ आर. चूक पकडायची सोपी खूण: फील्डच्या लांबीत आरचा जो घात असेल, त्याहून एकाने कमी घात उत्तरात हवा.

कार्टेशियनने जाणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की एक्सच्या सापेक्ष आरचं आंशिक डेरिव्हेटिव्ह एक्स भागिले आर येतं, १ नव्हे.

खरी गंमत आर कॅप भागिले आर वर्ग या फील्डची. आरंभबिंदू सोडून सगळीकडे डायव्हर्जन्स शून्य येतो, पण आरंभबिंदूभोवतीच्या गोलातून फ्लक्स (पृष्ठभागातून बाहेर जाणारा एकूण प्रवाह) मात्र ४ पाय (π). मग गाउसचं प्रमेय (बंद पृष्ठभागातून बाहेर जाणारा फ्लक्स म्हणजे आतल्या डायव्हर्जन्सची एकूण बेरीज) लावून फ्लक्स शून्य काढलेला मुलगा बरोबर आलेलं ४ पाय खोडतो. आरंभबिंदूवर फील्डच नाही, तिथे प्रमेय लागत नाही. आतून एक छोटा गोल कापून काढा: बाहेरचा फ्लक्स ४ पाय, आतल्या पृष्ठभागाचा उणे ४ पाय, बेरीज शून्य.