मानसशास्त्राची सुरुवात आणि उद्दिष्टं शिकताना या चुका टाळा

मानसशास्त्राचा पहिला धडा बहुतेक जण घाईघाईत उरकतात, वुंट, 1879, चार उद्दिष्टं, झालं, पाठ केलं आणि पुढे गेले. मग वर्षभर गोंधळ होत राहतो, कारण हे शास्त्र मुळात शास्त्र कशामुळे झालं तेच नीट कळलेलं नसतं. मनात जे चालतं ते मोजायचं कसं, हा प्रश्न डोक्यात ठेवून हा धडा वाचा, खालच्या बऱ्याचशा चुका आपोआप टळतील.

फ्रॉइडपासून सुरुवात करू नका

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. मानसशास्त्र म्हटलं की कोचावर झोपलेला पेशंट, स्वप्नं आणि फ्रॉइड हेच डोळ्यासमोर येतं. पण जरा तारखा बघा. विल्हेम वुंटने जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात लॅब सुरू केली 1879 मध्ये, तेव्हा फ्रॉइड व्हिएन्नात अजून मेडिकलला शिकत होता, त्याची पदवी 1881 ची आणि स्वप्नांवरचं त्याचं गाजलेलं पुस्तक आलं 1899 च्या शेवटी. तोपर्यंत अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन सात वर्षं झाली होती. फ्रॉइडचा प्रभाव प्रचंड आहे यात वादच नाही, पण तो पेशंटवर उपचार करता करता सिद्धांत मांडत गेला, लॅबमधल्या मोजमापाची परंपरा वेगळी आणि त्याच्या आधीची. दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबलं की उत्तर हमखास बिघडतं.

1879 च्या आधी काहीच नव्हतं असं धरून चालणं

मला विचाराल तर या धड्यातला सगळ्यात भारी भाग 1879 च्या आधीचा आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. 1786 मध्ये कांट या जर्मन तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं की मनाच्या अभ्यासाला गणित लावता येत नाही म्हणून तो खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकत नाही. ही अडचण पुढे एकेक करून सुटत गेली.

आधी हेल्महोल्ट्झ, जर्मन शरीरशास्त्रज्ञ. मज्जातंतूतून संदेश इतक्या झपाट्याने जातो की तो वेग मोजणं शक्यच नाही असं त्याच्या गुरूचं, म्हणजे म्युलरचं मत होतं, आणि हेल्महोल्ट्झने 1850 च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला, सेकंदाला 30 मीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीपेक्षाही कितीतरी हळू. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, जाणवायला आणि प्रतिक्रिया द्यायला वेळ लागतो, आणि वेळ लागतो म्हणजे तो घड्याळाने मोजता येतो! हॉलंडच्या डोंडर्सने 1868 मध्ये हीच युक्ती पुढे नेली. दिवा लागला की बटण दाबा, हे एक काम. दोनपैकी कुठला दिवा लागला ते ओळखून त्याचं बटण दाबा, हे दुसरं काम. दुसऱ्याला जो जास्तीचा वेळ लागतो तो ओळखण्याचा आणि निवडण्याचा, साधी वजाबाकी.

तिकडे वेबरने वजनं उचलायला देऊन पाहिलं की फरक कधी जाणवतो. हातात 100 ग्रॅम असेल तर साधारण 2 ग्रॅम वाढल्यावर जेमतेम कळतं, पण 1 किलो असेल तर तेच 2 ग्रॅम अजिबात कळत नाहीत, 20 ग्रॅमच्या आसपास लागतात. म्हणजे फरक जाणवणं मूळ वजनाच्या प्रमाणात चालतं. फेकनरने 1860 मध्ये यावर पूर्ण पुस्तक लिहिलं आणि बाहेरचं उद्दीपन (म्हणजे वजन, प्रकाश असं जे आपल्याला जाणवतं ते) आणि आतला अनुभव यांचं नातं गणितात मांडलं. कांटने अशक्य म्हटलेलं ते हेच.

मग वुंटला संस्थापक का म्हणायचं? कारण त्याने या विखुरलेल्या कामाला स्वतंत्र विषयाचं रूप दिलं, लॅब, विद्यार्थी, संशोधन पत्रिका, पीएचडी असं सगळं, आणि जगभरातून आलेले विद्यार्थी परत जाऊन आपापल्या विद्यापीठांत लॅब काढायला लागले. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे हार्वर्डमध्ये 1875 च्या सुमारास छोटी लॅब होती, पण ती मुख्यतः शिकवताना प्रयोग करून दाखवायला. म्हणून 'पहिला प्रयोग 1879 ला झाला' असं लिहू नका, 'संशोधनासाठीची पहिली औपचारिक प्रयोगशाळा' असं लिहा.

वुंट आणि टिचनर यांना एकच समजणं

बऱ्याच नोट्समध्ये वुंट म्हणजे रचनावाद, वुंट म्हणजे अंतर्निरीक्षण (स्वतःचा अनुभव स्वतःच न्याहाळून सांगणं) असं सरळ छापलेलं असतं. अनुभवाचे बारीक तुकडे करून मूळ घटक शोधायचे, हा रचनावाद या नावाने मांडला तो टिचनरने, तो वुंटचा विद्यार्थी आणि नंतर अमेरिकेत कॉर्नेलला शिकवायचा. वुंटचं अंतर्निरीक्षण म्हणजे निवांत बसून मनात डोकावणं नव्हतं, ठरलेलं उद्दीपन, ठरलेली वेळ, पुन्हा पुन्हा तोच प्रयोग आणि माणसाने द्यायचं अगदी छोटं उत्तर. भाषा, विचार, रूढी असल्या गोष्टी लॅबमध्ये मावत नाहीत असं वुंटचं मत होतं, त्यासाठी त्याने समाज आणि संस्कृतीच्या मानसशास्त्रावर दहा खंड लिहिले. हा अर्धा वुंट पुस्तकातून गायबच होतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वर्णनालाच स्पष्टीकरण समजणं

आता उद्दिष्टं. वर्णन, स्पष्टीकरण, भाकीत, नियंत्रण, ही चार नावं सगळ्यांना पाठ असतात, फरक सांगा म्हटलं की गाडी अडते. नेहमीचा घोटाळा असा, 'तो काम टाळतो.' का? 'आळशी आहे म्हणून.' आळशी आहे हे कशावरून? 'काम टाळतो म्हणून.' हे स्पष्टीकरण नाही, वर्णनालाच दुसरं नाव दिलंय. तपासायची पद्धत सोपी आहे, तुमच्या 'कारण' मधून नवीन भाकीत निघतंय का बघा, जे चुकूही शकतं. निघत नसेल तर तुम्ही अजून वर्णनावरच आहात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे हान्स हा घोडा. 1904 च्या सुमारास बर्लिनमध्ये हा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला, खूर आपटून उत्तर द्यायचा. लोकांनी जे पाहिलं ते वर्णन म्हणून बरोबरच होतं, उत्तरं खरंच बरोबर यायची. त्यावरून 'घोड्याला गणित येतं' हा निष्कर्ष मात्र न तपासलेला. ऑस्कर फुंग्स्टने परिस्थिती बदलून पाहिली, प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर? तो घोड्याला दिसतच नसेल तर? दोन्ही वेळा हान्स चुकायला लागला. म्हणजे घोडा माणसाकडे बघून थांबत होता, बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं. मग फुंग्स्टने त्या हालचाली मुद्दाम करून घोड्याला हवं तेव्हा थांबवून दाखवलं. चारही उद्दिष्टं एका घोड्यात आली बघा. फुंग्स्टचा हा अभ्यास 1907 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि प्रयोग करणाऱ्याच्या नकळत इशाऱ्यांपासून आजही सावध राहावं लागतं.

भाकीत म्हणजे भविष्य सांगणं नाही

मानसशास्त्र शिकणाऱ्याला हमखास विचारतात, मग माझ्या मनात काय चाललंय सांग! हे भाकीत शक्यतेचं असतं आणि बहुतेक वेळा गटाबद्दल असतं, अमुक परिस्थितीत तमुक वागण्याची शक्यता वाढते, एवढंच.

नियंत्रण म्हणजे लोकांना नाचवणं नाही

या शब्दाने विद्यार्थी बिचकतात. वर्तनाचं भाकीत आणि नियंत्रण हेच मानसशास्त्राचं ध्येय, असं 1913 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसनने ठासून सांगितलं, पण ती वर्तनवादाची (फक्त बाहेरून दिसणारं वर्तनच अभ्यासा म्हणणाऱ्या पंथाची) भूमिका, सगळ्या मानसशास्त्राची नाही, हा फरक उत्तरात यायलाच हवा. इथे नियंत्रण म्हणजे परिस्थिती बदलून परिणाम बदलणं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्मृतीवरचं काम छापलं, अर्थहीन अक्षरगट पाठ करून, सगळे प्रयोग स्वतःवर. तासाभराने तेच परत पाठ करताना सुरुवातीच्या मेहनतीतली 44 टक्केच वाचते, दिवसाने 34 टक्के, हे झालं वर्णन. पण त्याला हेही दिसलं की एका दिवशी 68 वेळा घोकून जे साधतं ते तीन दिवसांत विभागून 38 वेळांत साधतं, आणि हे कळल्यावर कोणी आपलं वेळापत्रक बदललं की ते नियंत्रण.