स्फिंगोसिन-१-फॉस्फेटचा रक्तवाहिन्यांवरील संरक्षक परिणाम प्रयोगशाळेत कसा तपासावा

रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशींनी एकमेकींना घट्ट धरून राहावे आणि रक्तातील द्रव ऊतींमध्ये झिरपू नये, यासाठी रक्तातच वाहणारा एक मेदरेणू सतत काम करत असतो. तो म्हणजे स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, अर्थात एस१पी. स्फिंगोसिनला स्फिंगोसिन कायनेज हे विकर फॉस्फेट जोडते तेव्हा तो तयार होतो आणि पेशीवरील पाच रिसेप्टरांपैकी (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांपैकी) ज्याला तो चिकटतो, त्यानुसार पेशीला मिळणारा संदेश बदलतो. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या घातक प्रतिसादात, रुग्णाच्या फुप्फुसांत पाणी साचते तेव्हा पेशींची हीच पकड सुटलेली असते. म्हणून एस१पीमुळे ही पकड किती टिकते हे मोजणारी ही चाचणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मन लावून शिकावी असे मला मनापासून वाटते.

प्रयोग आखण्यापूर्वी हा रेणू शरीरात कुठे किती असतो ते ध्यानात घ्यावे. रक्तद्रवात त्याचे प्रमाण साधारणपणे ०.१ ते १ मायक्रोमोलर असते, तर ऊतींमधील द्रवात ते फारच कमी असते. रक्तातील साठा मुख्यतः तांबड्या रक्तपेशी आणि अस्तराच्या पेशी पुरवतात. त्यातला बहुतांश भाग एचडीएल या मेदवाहक कणांवरील अपोलिपोप्रोटीन एम या प्रथिनाला, तर उरलेला अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला चिकटून फिरतो. रक्त गोठताना बिंबिकाही एस१पी सोडतात, त्यामुळे सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) तो रक्तद्रवापेक्षा जास्त सापडतो. नेमके हेच अनेकांच्या नजरेतून सुटते: सीरम घातलेल्या माध्यमात पेशींना एस१पी आधीच मिळालेला असतो, आणि वरून आणखी घातला तरी मापनाचा आलेख हलत नाही. यासाठी कोळशाने शुद्ध केलेले सीरम वापरावे, किंवा मापनापूर्वी काही तास पेशी सीरमविरहित माध्यमात ठेवाव्यात.

द्रावण करण्याच्या पायरीला घाई करू नये, कारण माझ्या मते निम्मे अपयश इथेच ठरते. एस१पी पाण्यात नीट विरघळत नाही. तो काचेच्या कुपीत कोमट मिथेनॉलमध्ये विरघळवावा आणि नायट्रोजनच्या मंद झोताखाली मिथेनॉल पूर्ण उडू द्यावे, म्हणजे काचेवर पातळ थर उरतो. त्यावर मेदाम्लविरहित अल्ब्युमिनचे, मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम या प्रमाणातले द्रावण घालून कुपी ३७ अंश सेल्सिअसला अधूनमधून हलवत ठेवावी. नंतर ती उजेडात धरून पाहावी. भिंतीला पांढुरका पापुद्रा दिसत असेल, तर लेबलवर लिहिलेले प्रमाण खरे नाही असे समजावे. साध्या प्लास्टिकच्या नळ्यांना हा मेद चिकटतो, म्हणून साठ्यासाठी काचच बरी. तुलनेच्या वेलमध्ये (पेशी वाढवण्याच्या प्लेटमधील खळग्यात) नुसते माध्यम घालून भागत नाही, कारण अल्ब्युमिन स्वतःच अस्तराची पकड काहीशी सुधारते. तिथे एस१पी नसलेले तेच अल्ब्युमिन, तितकेच घालावे.

नाळेतील शिरेपासून मिळवलेल्या, कमी वेळा उपसंवर्धित केलेल्या पेशी सलग थर होईपर्यंत वाढवाव्यात आणि थरातून जाणाऱ्या विद्युत्प्रवाहाला होणारा रोध मोजावा; पेशींची पकड जितकी घट्ट, तितका रोध जास्त. प्लेट इनक्युबेटरबाहेर काढली की तापमान उतरते आणि रोधाचे आकडे बदलतात. म्हणून मूळ पातळी स्थिर होईपर्यंत थांबावे. त्यानंतर ०.१, ०.५ आणि १ मायक्रोमोलर अशा चढत्या मात्रा घालाव्यात. एका स्वतंत्र वेलमध्ये मुद्दाम १० मायक्रोमोलर मात्रा ठेवावी. योग्य मात्रेला काही मिनिटांतच रोध वर चढतो: पहिल्या रिसेप्टरातून जी-आय या संदेशवाहक प्रथिनामार्फत रॅक हे प्रथिन सक्रिय होते, पेशीला आकार देणारे अॅक्टिनचे धागे पेशीच्या कडेला जमतात आणि पेशींना जोडणाऱ्या व्हीई-कॅडहेरिन या प्रथिनाचे सांधे बळकट होतात. मात्रा बरीच वाढवली की दुसऱ्या रिसेप्टरामार्फत ऱ्हो हे प्रथिन जोर धरते, पेशी आकसतात आणि थरात फटी पडू शकतात. म्हणजे जास्त एस१पी म्हणजे जास्त संरक्षण, हे गृहीतक इथे लागू पडत नाही.

संरक्षण सिद्ध करायचे तर पेशींना इजा करून पाहावी लागते. त्यासाठी थ्रोम्बिन हे रक्त गोठवणारे, अस्तराची पकड सोडवणारे विकर वापरावे: काही वेलमध्ये एस१पीनंतर, तर काहींमध्ये एस१पीच्या आधी. पहिल्या मांडणीतून बचाव कळतो, दुसरीतून भरपाई, आणि निष्कर्ष लिहिताना या दोन गोष्टींची गल्लत करू नये. परिणाम पहिल्या रिसेप्टराचाच आहे हे डब्ल्यू१४६ या अवरोधकाने तपासावे. जेटीई-०१३ दुसऱ्या रिसेप्टराला अडवतो खरा, पण स्फिंगोलिपिडांच्या चयापचयातही ढवळाढवळ करतो. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबू नये आणि जमल्यास त्या रिसेप्टराचे जनुक दाबून खात्री करावी.

मापन तासाभरात थांबवू नये, हे फिंगोलिमोड या औषधावरून चांगले समजते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळालेले हे औषध शरीरात फॉस्फेट जोडले गेल्यावर आधी पहिल्या रिसेप्टराला चेतवते. पण नंतर तो रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जाऊन नष्ट होतो आणि संदेश थंडावतो. काही रुग्णांच्या डोळ्यांतील पीतबिंदूला सूज येते, हा त्याचा ज्ञात दुष्परिणाम आहे. त्यामुळे एस१पीसारखे काम करणारा कोणताही रेणू तपासताना पहिल्या काही मिनिटांबरोबर दुसऱ्या दिवशीचे वाचनही घ्यावे, आणि दोन्ही आकडे एस१पीच्या वाहकाच्या (इथे अल्ब्युमिनच्या) व सीरमच्या नोंदीसह एकाच तक्त्यात द्यावेत.