लकव्यावरच्या नव्या संशोधनाची बातमी आली, तर ती कशी वाचावी

लकव्याचा रुग्ण घरात असला की सगळ्या नातेवाइकांचे मोबाइल कामाला लागतात. पुण्याची आत्या, देवासचे काका, अमेरिकेतला भाचा, जो तो काहीतरी पाठवत असतो. नवं इंजेक्शन आलं, मानेत यंत्र बसवून हात हलला, उंदीर पुन्हा चालू लागले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते. व्यायामाला बसायच्या आधी मोबाइल माझ्यापुढे येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, हे आपल्या इंदुरात मिळेल का?" प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटी विचारायचा. त्याआधी जे बघायचं असतं ते बघायला डॉक्टरकी लागत नाही.

सुरुवातीलाच एक सांगते. तुमच्यासमोरच्या माणसाचं तोंड आत्ता, या घटकेला वाकडं झालं असेल, एक हात लुळा पडला असेल, जीभ जड झाली असेल, तर हे वाचत बसू नका. १०८ लावा आणि चोवीस तास सीटी स्कॅन होतं अशा मोठ्या रुग्णालयात न्या. तो शेवटचा धडधाकट किती वाजता होता, हे घरातल्या एकाने पक्कं लक्षात ठेवायचं. तोंडात पाण्याचा घोटही घालायचा नाही, गिळता न आल्याने तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. सुईने बोटं टोचून रक्त काढण्याचा फॉरवर्ड फिरत असतो, तो सरळ डिलीट करा.

आधी चिठ्ठी तयार करा

बातमी बाजूला ठेवा आणि कपाटातली फाइल काढा. डिस्चार्ज कार्डावरून पाच ओळी एका कागदावर उतरवायच्या. झटका कधी आला, तारीख आणि वेळ. गुठळी होती की रक्तस्राव. कोणती बाजू गेली. आज रुग्ण काय काय करू शकतो. सध्या कोणती औषधं सुरू आहेत.

यातली दुसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि घरच्यांना बहुधा तीच माहीत नसते. कार्डावर 'इस्केमिक' किंवा 'इन्फार्क्ट' असेल तर रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. 'हेमरेज' किंवा 'आयसीएच' असेल तर ती फुटली होती. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात, तोच वाकडा ओठ, तोच लोंबणारा हात. उपचार मात्र उलट्या दिशेने जातात. चीनमध्ये झटक्यानंतर पहिल्या दोन तासांत, अँब्युलन्समध्येच रक्तदाब उतरवायचं औषध देऊन पाहिलं. २०२४ साली त्याचा निकाल आला. रक्तस्रावाच्या रुग्णांना फायदा झाला, गुठळीच्या रुग्णांचं उलट नुकसान झालं आणि सगळे एकत्र मोजले तर बेरीज शून्य. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघताना शेजारचे काका त्यांची बीपीची गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन पुढे करतात, ती का नको म्हणायची हे एवढ्यावरून कळावं.

चौथ्या ओळीसाठी संशोधकांचंच माप वापरा. रँकिन स्केल म्हणतात त्याला, ० ते ६. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, ३ म्हणजे मदत लागते पण स्वतःच्या पायांनी चालतो, ४ म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, ६ म्हणजे मृत्यू. लकव्यावरच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांत तीन महिन्यांनी हाच आकडा मोजतात. 'औषधाने सुधारणा झाली' असं छापून येतं तेव्हा पुष्कळदा अर्थ एवढाच असतो, की औषध मिळालेल्यांत ४ चे ३ झालेले थोडे जास्त निघाले. हे कमी समजू नका. संडासला एकट्याने जाता येणं काय असतं, ते रात्री दोनदा उठणाऱ्या सुनेला विचारा.

मग घड्याळ बघा

बातमीत पहिल्यांदा शोधायचं ते हे, की झटका आल्यापासून किती वेळात उपचार दिला. तेवढं सापडलं की बाकीची बातमी न वाचताही निकाल लागतो.

गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेज इंजेक्शनचा फायदा १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवला, तो पहिल्या तीन तासांपुरता. २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांवर नेली. २०१५ साली एकामागोमाग पाच चाचण्यांनी सिद्ध केलं, की मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. २०१८ पर्यंत काही निवडक रुग्णांत, मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे ते स्कॅनवर पाहून, हे चोवीस तासांपर्यंत करता येऊ लागलं. सध्या 'नवं इंजेक्शन' म्हणून जे फिरतंय ते बहुधा टेनेक्टेप्लेज असतं. अल्टेप्लेज तासभर सलाइनसारखं सोडावं लागतं, हे एकदाच टोचून होतं. २०२२ च्या कॅनडातल्या अभ्यासात ते जुन्यापेक्षा कमी पडलं नाही आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने त्याला लकव्यासाठी मान्यता दिली. आपल्याकडे ते त्याआधीपासून वापरात आहे, त्यामुळे भाच्याने पाठवलं म्हणून हरखून जायला नको.

आता चिठ्ठीवरची तारीख बघा. तुमच्या बाबांना झटका मागच्या दिवाळीत आला असेल, तर यातलं काहीही त्यांच्या आजच्या हातासाठी नाही. तरी बातमी फेकू नका. एकदा झटका आलेल्याला दुसरा यायचा धोका असतो, म्हणून आपल्या घराजवळ रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं, गुठळी ओढून काढणारे डॉक्टर कुठे आहेत, हे पुढच्या फेरीत न्यूरॉलॉजिस्टना विचारून ठेवा. नाव आणि फोन नंबर चिठ्ठीच्या मागे.

डोक्याला मार लागलेल्यांच्या बाबतीतही घड्याळ असंच चालतं. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधावरच्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात साडेबारा हजारांहून अधिक रुग्ण होते. फायदा दिसला तो तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या, सौम्य ते मध्यम इजा झालेल्यांना.

उंदीर की माणूस

'शास्त्रज्ञांना यश' अशा मथळ्याखाली तिसऱ्या परिच्छेदात उंदीर निघतो. तो तिथेच शोधा. २००६ साली काही संशोधकांनी लकव्यावर तोवर तपासलेल्या प्रायोगिक उपचारांची मोजदाद केली, ते १०२६ भरले. माणसांपर्यंत पोचले फक्त ११४. त्याच वर्षी, उंदरांत यशस्वी ठरलेल्या एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाची माणसांवरची पहिली मोठी चाचणी चांगली निघाली होती, वर्तमानपत्रांत गाजली. पुढच्या वर्षी दुप्पट मोठ्या चाचणीत ते साफ पडलं. उंदीर निरोगी, तरुण, आणि त्याला झटका कधी येणार हे संशोधकाला आधीच ठाऊक. आपले आजोबा बहात्तरचे, शुगर वीस वर्षांची.

आकडा किती मोठा, आणि कशाच्या तुलनेत

इथे एक बातमी पूर्ण उलगडून दाखवते, कारण ती मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी दाखवतंच. 'मानेत यंत्र बसवा, लुळा हात हलवा.' बातमी खरी आहे. मानेतल्या व्हेगस नसेला व्यायामाच्या क्षणी हलका विद्युतझटका द्यायचा, असं ते तंत्र. २०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला आणि त्याच वर्षी अमेरिकेने यंत्राला मान्यता दिली.

चिठ्ठी शेजारी ठेवा. रुग्ण १०८. सगळे गुठळीवाले, म्हणजे चिठ्ठीवर हेमरेज असेल तर इथेच थांबा. झटक्याला नऊ महिने ते दहा वर्षं झालेली, म्हणजे जुन्या रुग्णांना आशा आहे. हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असलेले. यंत्र सगळ्यांनाच बसवलं (खरं तर ते छातीत, कातडीखाली असतं, मानेत फक्त तार), पण निम्म्यांचं प्रत्यक्षात चालवलं नाही. सहा आठवडे केंद्रात कसून व्यायाम, पुढे घरी. हाताच्या हालचालीचं माप ६६ गुणांचं. सहा आठवड्यांनी यंत्र चालू असलेल्यांचे सरासरी ५ गुण वाढले, दुसऱ्या गटाचे २.४. आणखी तीन महिन्यांनी, रोजच्या आयुष्यात जाणवेल इतकी सुधारणा झालेले यंत्राच्या गटात ४७ टक्के, दुसऱ्या गटात २४.

मथळ्यात ४७ येतो. माझी नजर त्या २४ वर अडते. यंत्र बंद होतं, तरी चारांतल्या एकाचा हात सुधारला, झटक्याला वर्षं उलटून गेल्यावर, निव्वळ नेटाने केलेल्या व्यायामाने. ज्या घरात 'सहा महिने झाले, आता काय व्हायचंय' म्हणून माझी फी बंद करायचा विचार चाललेला असतो, तिथे मी हा आकडा सांगते. माझा त्यात स्वार्थ आहे, हेही धरून चाला.

'उपयोग झाला नाही' हेही शोधा

अशा बातम्या कुणी फॉरवर्ड करत नाही. औषधाचं नाव घालून पुढे 'मोठी चाचणी निकाल' असं शोधायचं. फ्लुऑक्सेटिन ही उदासीनतेवरची जुनी गोळी. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांत तिने हातापायांची ताकद वाढल्याचं दिसलं आणि बऱ्याच डॉक्टरांनी ती सुरू केली. मग ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांना सहा महिने देऊन पाहिलं. उदासीनता कमी झाली, पण चालण्या-फिरण्यात काडीचा फरक नाही, आणि हाडं मोडायचं प्रमाण वाढलं. छोट्या अभ्यासावर घाईने विश्वास ठेवू नका, एवढं या एका गोळीवरून पटावं.

आमच्याही क्षेत्राला फटके बसलेत. 'लवकर उठवा, जास्त उठवा' हे आम्ही मंत्रासारखं म्हणत होतो. २०१५ च्या, २१०४ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांतच वारंवार आणि जोरात उठवलेल्यांचा निकाल जरा वाईटच निघाला. म्हणून अगदी पहिल्या दिवशी रुग्णाला ओढूनताणून बसवू नका, वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं तितकंच. भारतातल्या १४ रुग्णालयांत, १२५० रुग्णांच्या घरच्यांना नेहमीच्या उपचारांशिवाय वेगळं व्यायामाचं शिक्षण देऊन पाहिलं. २०१७ चा निकाल असा, की सहा महिन्यांनी परावलंबन आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. याचा अर्थ घरच्यांनी व्यायाम सोडावा असा मी घेत नाही. फक्त प्रशिक्षित माणसाची जागा भरून निघत नाही, असा घेते.

पैसे मागितले तर

स्टेम सेलचं नाव आणि लाखांतलं पॅकेज एकत्र आलं की उठून या. अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देण्याची चाचणी भारतातच झाली, १२० रुग्णांवर. २०१४ चा निकाल असा, की धोका नाही, पण फायदाही नाही. लकव्यासाठी हा मान्य उपचार नाही, तो चाचणीतच देता येतो. आणि खऱ्या चाचणीत तपासायच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळणं हा हक्क आहे. क्रमांक सांगायला कुणी आढेवेढे घेतले, तर तेच उत्तर समजा.

नीमचच्या भादवा मातेला न्यायचं का, हेही माळव्यात प्रत्येक घरी निघतं. न्या की. माझे कितीतरी रुग्ण जाऊन आलेत, मनाला उभारी येते. फक्त झटका आलेल्या दिवशी गाडी आधी रुग्णालयाकडे वळवायची, आणि जाताना रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत टाकायच्या.

एवढं बघूनही बातमी चिठ्ठीशी जुळली, तरच ती डॉक्टरांकडे न्या. 'हे औषध द्या' म्हणू नका. विचारायचं असं: "यांना इन्फार्क्ट होता, चौदा महिने झाले, हाताची बोटं थोडी हलतात. हा अभ्यास अशाच रुग्णांवरचा आहे. यांना लागू पडेल का, आणि नसेल तर कशामुळे?" ओपीडीत वेळ मिनिटांचा असतो. नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

आणि देवासच्या काकांना उत्तर द्या, नाहीतर ते फोन करतात. "काका, वाचलं. हे पहिल्या साडेचार तासांतलं इंजेक्शन आहे, बाबांना आता नाही चालणार. तुमची बीपी कधी तपासलीत?"