टिकली गायब करा आणि स्वतःच्या डोळ्यातला अंधबिंदू शोधा

कोरा कागद, पेन आणि एक बारीक काळी टिकली, एवढंच सामान लागतं. कागद आडवा घ्या, डावीकडे फुली मारा, तिच्यापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे टिकली चिकटवा. आता डावा डोळा तळहाताने झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडेच बघा आणि हात लांब करून धरलेला कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर, म्हणजे शाळेतल्या मोठ्या पट्टीएवढ्या अंतरावर, टिकली गायब होते, अजून जवळ आणलात की परत दिसते.

नाही झाली तर बहुतेक नजर टिकलीकडे घसरतेय. माझ्या भाचीचं तीनदा असंच झालं, मग तिला फुलीवर बोट ठेवून नखाकडे बघत राहा म्हटलं आणि चौथ्या वेळी ती जवळजवळ ओरडलीच, "मामा, गेली!"

कारण असं की डोळ्याच्या पडद्यावरच्या सगळ्या नसा एका जागी गोळा होऊन मेंदूकडे जायला बाहेर पडतात आणि तेवढ्या जागेत प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. फ्रान्सच्या एदम मारिओतने हे १६६० च्या दशकात शोधून काढलं. ऑक्टोपसच्या नसा पडद्याच्या मागून निघतात म्हणून त्याला हा अंधबिंदू नाहीच.

पण मला खरं भारी वाटतं ते पुढचं. टिकली जाते तिथे काळं भोक का दिसत नाही? स्केचपेनने टिकलीच्या आरपार एक लांब आडवी रेघ मारा आणि परत करून बघा, टिकली गेली तरी रेघ सलग दिसते! पिवळ्या कागदावर केलंत तर तिथे पिवळंच दिसतं. म्हणजे डोळ्याकडून काहीच माहिती येत नसताना आजूबाजूला जे आहे तेच मेंदू तिथे भरून टाकतो, आणि एरवी दिवसभर आपल्याला या अंधबिंदूचा पत्ताही नसतो, कारण दोन्ही डोळे उघडे असताना एकाचं राहिलेलं दुसरा बघतो.

आता दुसऱ्या कोऱ्या कागदावर डावीकडे नुसती फुली काढा, कागद भिंतीला चिकटवा, डावा डोळा झाका आणि उजवा डोळा कागदापासून ३० सेंटिमीटरवर स्थिर ठेवा. नजर फुलीवरच, आणि पेनाचं टोक उजवीकडून आत सरकवत जिथे दिसेनासं होतं तिथे ठिपका द्या, मग वरून, खालून, डावीकडून तसंच. ठिपके जोडलेत की साधारण ३ सेंटिमीटर रुंद आणि त्याहून थोडा उंच असा लंबगोल मिळेल, हा तुमच्या उजव्या डोळ्याचा अंधबिंदू. डाव्यासाठी कागद उलटा फिरवा आणि उजवा डोळा झाका.